सह्या, हजेरी आणि मते : दारूबंदीच्या मोहिमेत नेमके काय मोजावे

गावातील परवानाधारक दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून मोहीम चालवणाऱ्या महिला मंडळांना व बचत गटांना लोकसहभागाच्या नोंदी ठेवून देण्याचे काम आमची फर्म करते. काम स्वीकारण्यापूर्वी आम्ही काय मोजतो आणि कशाकडे फारसे लक्ष देत नाही, हे आपणांस कळावे यासाठी हे पत्रक आहे.

राज्य शासनाच्या 2008 च्या आदेशानुसार गावातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केल्यास सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात. दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीला यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात, आणि हिशेब बहुधा इथेच चुकतो. समजा, यादीत 1,200 महिला आहेत, त्यांपैकी 700 जणींनी मतदान केले आणि 560 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. झालेल्या मतदानाचे हे 80 टक्के असले, तरी लागणारी मते 601 असल्याने दुकान चालूच राहते.

म्हणून आमची नोंदवही मतदार यादीपासून सुरू होते. प्रत्येक वस्तीतील जाणत्या बायकांसमवेत बसून आम्ही यादीतील एकेका नावापुढे खूण करतो : गावात राहते, लग्न होऊन सासरी गेली, ऊसतोडीला गेली, मयत. मयतांची व कायमची गाव सोडलेल्यांची नावे यादीत असेपर्यंत ती न पडलेल्या मतांसारखीच आपल्या विरुद्ध जातात. नमुना 7 चा अर्ज भरून अशी 60 नावे वेळेत वगळली गेली, तर वरील उदाहरणात 601 ऐवजी 571 मते पुरतात. काम कंटाळवाणे आहे खरे, पण एखाद्या मोर्च्यापेक्षा आम्ही त्याला अधिक मोल देतो. ऊसतोडीला गेलेल्यांचे नाव मात्र वगळायचे नसते. त्या कधी परततात हे लिहून ठेवून मागणीची वेळ त्यावर बेतावी.

सह्यांच्या बाबतीत 300 ची गरज असेल, तर आम्ही 400 चा आग्रह धरतो, कारण पडताळणीच्या दिवशी कोणी शेतावर असते, कोणाची सही जुळत नाही, तर कोणाला घरून येऊ दिले जात नाही. सही, बैठकीतील हजेरी आणि पडताळणीतील उपस्थिती हे तीन रकाने आम्ही वेगळे ठेवतो व दर आठवड्याला वस्तीनिहाय गळती काढतो. एखाद्या वस्तीत 40 सह्या होऊन बैठकीला 6 जणीच आल्या, तर तेथे पुन्हा घरोघरी जावे लागते. व्हॉट्सअ‍ॅप गटातील निळ्या खुणा आणि अंगठे आम्ही मोजत नाही. निरोप पोहोचला एवढेच त्यातून समजते, शिवाय अनेकदा फोन नवऱ्याच्या हातात असतो.

सह्यांच्या कागदांचे फोटो कोणत्याही गटावर टाकू नयेत, ही आमची अट आहे. कोणत्या बाईने सही केली हे दुकानदाराला कळले, तर त्रास तिलाच होतो. आमच्या साप्ताहिक तक्त्यात नावे नसतात, केवळ वस्तीनिहाय आकडे असतात. मूळ वही मंडळाच्याच ताब्यात राहते.

पहिल्या भेटीस येताना गावाच्या अद्ययावत मतदार यादीची छापील प्रत आणि प्रत्येक वस्तीतील किमान एक माहीतगार बाई सोबत असावी.