आर्कोसॉरिया : मगर, डायनोसॉर आणि पक्षी यांची भावकी

आर्कोसॉरिया हा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा एक मोठा गट आहे. आज हयात असलेल्या मगरी-सुसरी आणि पक्षी यांचा जो शेवटचा समाईक पूर्वज, तो आणि त्याचे झाडून सारे वंशज मिळून हा गट होतो. डायनोसॉर आणि उडणारे टेरोसॉर याच गटातले. एडवर्ड ड्रिंकर कोप या अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञाने १८६९ मध्ये हे नाव दिले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधारण ‘राज्यकर्ते सरडे’ असा होतो. नावात सरडा असला तरी सरडा, पाल, घोरपड आणि साप या गटाबाहेरचे आहेत. मगर दिसायला पालीची थोरली बहीण वाटते, पण रक्ताच्या नात्याने तिला कोंबडी अधिक जवळची आहे.

नाते कशावरून धरायचे

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात सर्पोद्यान आहे. शाळेच्या सहलीला आलेली मुले साप, कासवे आणि मगर ‘सरपटणारे प्राणी’ म्हणून एका दमात पाहतात आणि मग पक्ष्यांकडे वळतात. ही वाटणी फार जुनी आहे. कार्ल लिनियसने १७५८ मध्ये मगरीला थेट ‘लॅसर्टा’ या सरड्यांच्या प्रजातीत घातले होते. चार आखूड पाय, लांब शेपूट, अंगावर खवले, थंड रक्त, एवढे साम्य त्या काळी पुरेसे होते.

आजचे वर्गीकरण दिसण्यावर चालत नाही, वंशावर चालते. ही पद्धत विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० मध्ये पद्धतशीर मांडली. तिचा नियम सोपा आहे : गट करायचा तर एक पूर्वज घ्यायचा आणि त्याचे सगळे वंशज घ्यायचे, मधला कुणी गाळायचा नाही. मराठी वाचकाला हे समजायला कुलवृत्तांत उपयोगी पडतो. पुण्यातल्या कितीतरी घरांत जाडजूड कुलवृत्तांत असतो. मूळ पुरुषापासून पिढ्या उतरत येतात. पण जुन्या कुलवृत्तांतांत लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव आले तरी तिची मुलेबाळे येत नाहीत, कारण ती दुसऱ्या घरची. रक्त तेच, आडनाव निराळे, म्हणून पान संपते. ‘सरीसृप’ या जुन्या वर्गात पक्ष्यांचे नेमके हेच झाले. पिसे आली, पंख आले, रक्त उष्ण झाले, म्हणून त्यांना वेगळे घर दिले आणि माहेरच्या वंशावळीतून वगळले. ती पाने परत जोडली की मगर पालींच्या रांगेतून उठून पक्ष्यांच्या शेजारी जाऊन बसते.

कासवाची जागा बराच काळ वादात होती. २०१२ च्या सुमारास जनुकीय अभ्यासांतून असे दिसू लागले, की कासवेही पाल-सापांपेक्षा मगर-पक्ष्यांच्या कुळाला जवळची आहेत. म्हणजे सर्पोद्यानात एकत्र दिसणाऱ्या मंडळींपैकी साप तेवढा लांबचा.

समाईक खुणा

आर्कोसॉरांच्या कवटीत डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक जादा भोक असे. पक्ष्यांत आणि बहुतेक डायनोसॉरांत ते आहे. आजच्या मगरींत मात्र ते बुजून गेले आहे. खालच्या जबड्याच्या मागच्या भागात दुसरे भोक असते, ते मगरीच्या जबड्यात अजून स्पष्ट दिसते. दात हाडाच्या खाचेत रोवलेले असतात. पक्ष्यांचे दात गेले, पण ते घडवण्याची कृती पुरती पुसली गेली नाही. कोंबडीच्या एका विशिष्ट उत्परिवर्तन असलेल्या गर्भांच्या जबड्यात मगरीच्या दातांसारखे शंकूच्या आकाराचे अंकुर फुटतात, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

हृदयाची साक्ष याहून बोलकी आहे. पाल आणि सापाचे हृदय तीन कप्प्यांचे. मगरीचे आणि पक्ष्याचे चार कप्प्यांचे. फुप्फुसांचेही तसेच. आपला श्वास ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने बाहेर येतो. पक्ष्याच्या फुप्फुसातल्या नळ्यांतून मात्र हवा श्वास घेताना आणि सोडताना एकाच दिशेने वाहते. हे केवळ उडण्यासाठी घडले असावे अशी समजूत होती. पण २०१० मध्ये अमेरिकी ॲलिगेटर या मगरीच्या भाईबंदातही तोच एकदिशी प्रवाह आढळला. पुढे घोरपडीच्या एका जातीत आणि इग्वानात तो दिसल्यामुळे ही युक्ती आर्कोसॉरांच्याही आधीची असू शकते. एकाच खुणेवर नाते ठरवू नये ते यासाठीच. खुणा ताडून, एकमेकींशी जुळवून पाहाव्या लागतात.

वागणुकीतही भावकी दिसते. मगरीची मादी घरटे करते, अंड्यांवर पहारा ठेवते, अंड्यातल्या पिलांचा आवाज आला की माती उकरते आणि पिलांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. कोंबडीची पिलेही फुटण्याआधी अंड्यातून चिवचिवतात.

मगरींची शाखा

सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक कल्पाच्या आरंभी, या कुळाच्या दोन शाखा झाल्या. एक मगरींकडे गेली, तिला स्यूडोसुकिया म्हणतात; दुसरी पक्ष्यांकडे गेली. पुष्कळ काळ घोट्याच्या सांध्यावरून दोन्ही शाखा ओळखत : मगरीच्या घोट्यातली दोन हाडे एकमेकांवर फिरतात, तर डायनोसॉर-पक्ष्यांचा घोटा बिजागरीसारखा फक्त पुढेमागे वाकतो. २०१७ मध्ये टांझानियातल्या टेलिओक्रेटर या प्राण्याचे वर्णन झाले. तो पक्ष्यांच्या शाखेतला, पण घोटा मगरीसारखा. तेव्हा मगरीचा घोटा हाच दोघांचा मूळ वारसा असून बिजागरी नंतरची, हे उघड झाले.

मगर ‘जिवंत जीवाश्म’ आहे, ती कोट्यवधी वर्षे बदलली नाही, हे वाक्य वर्तमानपत्रांत वारंवार येते. ते खरे नाही आणि त्यामुळे एका विलक्षण शाखेवर अन्याय होतो. ट्रायासिकमध्ये तिच्यात पाय सरळ खाली टेकून चालणारे मोठे शिकारी होते, चिलखती पाठीचे शाकाहारी एटोसॉर होते आणि एफिजियासारखा बिनदाताचा, चोचीचा, दोन पायांवर धावणारा प्राणीही होता. तो पाहून कुणीही डायनोसॉरच म्हटले असते. सुमारे २०.१ कोटी वर्षांपूर्वीच्या मोठ्या विनाशात यांतल्या बहुतेकांचा वंश बुडाला. आजच्या मगरींचे पूर्वज मात्र तगले. त्यांतले सुरुवातीचे काही लहान, सडपातळ आणि जमिनीवर चपळ होते. पुढे त्यांच्यातून वल्ह्यांसारखे पाय असलेले समुद्री प्राणी निघाले, तसाच मादागास्करचा आखूड तोंडाचा, वनस्पती खाणारा सिमोसुकसही. आज या साऱ्या पसाऱ्यातून पंचवीसएक जाती उरल्या आहेत. भारतात तीन : मगर, सुसर आणि खाऱ्या पाण्यातली मगर.

दिसण्यावर विसंबणे किती धोक्याचे, याचा उत्तम नमुना आपल्या शेजारचाच आहे. नागपुरात राहून भूविज्ञानाचा ध्यास घेतलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचा पॅरासुकस हिस्लोपाय हा प्राणी गोदावरी-प्राणहिता खोऱ्यातल्या मालेरी थरांत सापडतो. लांब जबडा, पाण्याकाठचे जिणे, सगळे सुसरीसारखे. पण त्याच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला नसून डोळ्यांजवळ आहेत. तो सुसरीचा पूर्वज नाही. एकसारख्या जगण्यातून एकसारखे रूप आले एवढेच. तो स्यूडोसुकियाच्या बुडाशी बसतो की आर्कोसॉरियाच्या उंबरठ्याबाहेर, यावर अभ्यासकांत अजून दोन मते आहेत.

पक्ष्यांची शाखा आणि डायनोसॉर

दुसऱ्या शाखेतून आधी टेरोसॉर फुटले. ते डायनोसॉरांचे चुलत. त्यांना ‘उडणारे डायनोसॉर’ म्हणणे चूक. मग डायनोसॉर. हे नाव रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये दिले. बराच काळ वापरात असलेली डायनोसॉरांची एक व्याख्या मोठी गमतीची आहे : तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्स आणि आपली चिमणी यांचा शेवटचा समाईक पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज. मांडीचे हाड ज्या खोबणीत बसते ती डायनोसॉरांत आरपार उघडी असते. त्यामुळे पाय अंगाखाली सरळ येतात, मगरीसारखे बाजूला फाकत नाहीत.

हॅरी सीली यांनी १८८७ मध्ये कमरेच्या हाडांवरून डायनोसॉरांचे दोन भाग केले. सॉरिस्किया म्हणजे सरड्यासारखी कंबर असलेले, ऑर्निथिस्किया म्हणजे पक्ष्यासारखी कंबर असलेले. घोटाळा असा, की पक्षी निघाले ते सरड्यासारखी कंबर असलेल्यांतून. त्यांचे जघनास्थी, म्हणजे कमरेचे पुढचे हाड, मागे वळले ते नंतर, स्वतंत्रपणे. २०१७ मध्ये मॅथ्यू बॅरन, डेव्हिड नॉर्मन आणि पॉल बॅरेट यांनी ही विभागणीच मोडून मांसाहारी थेरोपॉड आणि ऑर्निथिस्किया यांना एका फांदीवर ठेवले. त्यावर पुष्कळ आक्षेप आले. पक्षी थेरोपॉडांतून आले, या मुद्द्याला मात्र त्या वादाने धक्का लागत नाही.

तो मुद्दा मान्य व्हायला शतक लागले. १८६१ मध्ये जर्मनीच्या सोल्नहोफेन चुनखडीतला आर्किऑप्टेरिक्स जगापुढे आला : पिसे पक्ष्याची, दात, नख्या आणि लांब हाडाळ शेपूट डायनोसॉरची. थॉमस हक्सली यांनी लवकरच पक्षी आणि डायनोसॉर यांचे नाते मांडले. पण १९२६ मध्ये गेरहार्ड हाइलमान यांनी एकच अडचण काढली : पक्ष्यांना गळ्यापाशी दोन हाडे जुळून झालेले काट्यासारखे हाड असते, डायनोसॉरांना ते नाही, आणि गेलेले हाड परत येत नाही. या एका वाक्यावर विषय चाळीस वर्षे बंद राहिला. खरे तर दोनच वर्षांपूर्वी वर्णन झालेल्या ओव्हिरॅप्टर या डायनोसॉरच्या सांगाड्यात ते हाड होते. फक्त ओळखले गेले नव्हते.

१९६४ मध्ये जॉन ऑस्ट्रम यांना अमेरिकेतल्या मोंटानात डायनोनिकस हा थेरोपॉड सापडला. त्याच्या मनगटातले अर्धचंद्राकार हाड हात पक्ष्याच्या पंखासारखा घडी करू देते. १९८६ मध्ये जाक गोतिए यांनी हेनिगची पद्धत लावून पक्ष्यांना थेरोपॉडांत बसवले आणि १९९६ मध्ये चीनच्या लियाओनिंग प्रांतातून सायनोसॉरॉप्टेरिक्स हा अंगभर केसाळ पिसे असलेला डायनोसॉर आला. पिसे उडण्यासाठी जन्मली नाहीत, ती आधीच होती. उब, दिखावा, अंडी झाकणे, या कामांसाठी ती वापरात असावीत.

दख्खनचा खडक आणि पुणे

पुण्याच्या टेकड्यांत डायनोसॉरची हाडे शोधून उपयोग नाही. पर्वती, वेताळ टेकडी, पाताळेश्वराचे लेणे ज्यात कोरले तो काळा पाषाण, सगळा थिजलेला लाव्हा आहे, आणि हाडे टिकतात ती गाळाच्या खडकात. ती पाहायला विदर्भाकडे जावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा येथे लॅमेटा थरांत डायनोसॉरांची हाडे आणि दगड झालेली विष्ठा मिळते. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गवताचा उगम मानला होता त्याहून पुष्कळ जुना ठरला. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या जुरासिक थरांतला बारापासॉरस टागोराय हा लांब मानेचा डायनोसॉर १९७५ मध्ये नामांकित झाला. ‘बारापा’ म्हणजे बंगालीत मोठ्या पायाचा. मांडीचे हाडच १.७ मीटर. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली आहेत. त्यांत एका अंड्याच्या आत दुसरे अंडे निघाले. अंड्यात अंडे हा दोष तोवर पक्ष्यांतच माहीत होता. पुण्यात ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांच्या तो क्वचित पाहण्यातही आला असेल.

दख्खनचा लाव्हा वाहत होता तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉरांच्या अस्ताच्या आगेमागेच. अस्ताचे मुख्य कारण म्हणून मेक्सिकोतल्या चिक्शुलुब येथे आदळलेला लघुग्रह पुढे केला जातो. आपल्या लाव्ह्याचा त्यात वाटा किती, हा वाद चालू आहे. त्या संकटातून या कुळाच्या दोन शाखा निभावल्या : गोड्या पाण्याकाठच्या, महिनोन् महिने उपाशी राहू शकणाऱ्या मगरी आणि चोचीचे काही पक्षी. पक्ष्यांच्या आज सुमारे ११,००० जाती आहेत.

म्हणून पुण्यात डायनोसॉर पाहायचा तर हाडांच्या मागे लागू नये. येरवड्याजवळच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात, पाषाण तलावावर किंवा हिवाळ्यात कवडीपाटला बगळ्याच्या पायाकडे दुर्बिणीतून नीट पाहावे. तिथले खवले लपत नाहीत. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोली येथे पावसानंतर वाटेवर मोराचे ठसे उमटतात : पुढे तीन बोटे, मधले सर्वांत लांब, मागे अंगठ्याची बारीक खूण. तो अंगठा सोडला, तर थेरोपॉडांच्या दगडातल्या ठशांची ठेवण हीच. अमेरिकेतल्या कनेक्टिकट खोऱ्यातले असे ठसे एडवर्ड हिचकॉक यांनी १८३६ मध्ये प्रचंड पक्ष्यांचे म्हणून वर्णिले. डायनोसॉर हा शब्द जन्मायला तेव्हा आणखी सहा वर्षे होती.