मेंदूचे चुंबकीय उद्दीपन

डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणिक पण प्रबळ विद्युतप्रवाह सोडून, कवटी न उघडता, मेंदूच्या बाह्यकातील (सर्वांत बाहेरच्या थरातील) चेतापेशींना उद्दीपित करण्याची पद्धत. वैद्यकात ती ‘टीएमएस’ (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) या आद्याक्षरांनी ओळखली जाते. नावात चुंबक असला, तरी चेतापेशींवर प्रत्यक्ष क्रिया करते ती वीज. चुंबकीय क्षेत्र तिला फक्त कवटीपलीकडे नेऊन पोहोचवते.

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युत चुंबकीय प्रवर्तन हा या पद्धतीचा पाया आहे. धारित्रात साठवलेला विद्युतभार वेटोळ्यातून सोडला, की काही हजार अँपिअरचा प्रवाह वाहतो, सुमारे १०० मायक्रोसेकंदांत १.५ ते २ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि या झपाट्याने होणाऱ्या बदलामुळे खालच्या मेंदूत दर मीटरला सुमारे १०० व्होल्टचे विद्युत क्षेत्र निर्माण होते. त्वचा आणि हाड चुंबकीय क्षेत्राला अडवत नाहीत. त्यामुळे डोक्याच्या त्वचेवर थेट विजेचा धक्का देताना होणारी तीव्र वेदना येथे टळते. स्थिर चुंबकाने असे प्रवर्तन होत नाही, म्हणून बाजारातील चुंबकीय कड्यांचा व पट्ट्यांचा या पद्धतीशी काही संबंध नाही.

पॅरिसमध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द’आर्सोनव्हाल यांनी १८९६ मध्ये मोठ्या वेटोळ्यात डोके ठेवले असता प्रकाशाचे लखलखाट दिसतात, असे नोंदवले होते. ते बहुधा डोळ्यातील दृष्टिपटलाच्या उद्दीपनामुळे दिसत असावेत. मेंदूचे खात्रीशीर उद्दीपन १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी साधले. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या बाह्यकावर एक स्पंद (वेटोळ्यातून सोडलेला एक क्षणिक झटका) दिला, की विरुद्ध बाजूच्या हाताचे स्नायू आपोआप आकसत.

प्रवर्तित क्षेत्राचा परिणाम प्रामुख्याने पेशीच्या देहावर नव्हे, तर तिच्या अक्षतंतूवर (पेशीतून निघून संदेश पुढे नेणाऱ्या लांब तंतूवर) होतो, विशेषतः तो जेथे वळतो किंवा संपतो तेथे. तेथील पेशीपटलाच्या आतबाहेरचे विभवांतर (व्होल्टमधील फरक) उंबरठा ओलांडते, सोडियमचे आयन आत घेणाऱ्या मार्गिका उघडतात आणि आवेग (विद्युत संदेश) पुढे धावतो. मेरुरज्जूतील नोंदींवरून असे दिसते, की एका स्पंदाने सुमारे दीड मिलिसेकंदाच्या अंतराने एकामागून एक आवेगलहरी उतरतात. यांतील बहुतेक लहरी मध्यस्थ चेतापेशींमार्फत उमटतात. म्हणजे स्नायूकडे संदेश धाडणारी पेशी थेट उद्दीपित झालेली असतेच असे नाही. मध्यस्थांपैकी काही पेशी ‘गाबा’ हे रसायन स्रवून इतरांना रोखतात. म्हणूनच, स्नायू आकुंचित ठेवलेला असताना स्पंद दिल्यास क्षणिक आकुंचनानंतर १०० ते ३०० मिलिसेकंद त्याची विद्युतक्रिया थांबते. मांजरांच्या दृष्टी-बाह्यकातील प्रत्यक्ष नोंदींतही पेशींच्या क्रियेत आधी वाढ, मग घट असा क्रम आढळला आहे.

स्पंदांची मालिका दिली, की परिणाम ती संपल्यावरही टिकतो. सेकंदाला एक या संथ गतीने उत्तेजनक्षमता साधारणतः घटते, तर पाच किंवा अधिक स्पंदांनी वाढते. २००५ मध्ये मांडलेल्या ‘थीटा बर्स्ट’ पद्धतीत तीन-तीन स्पंदांचे झुबके सेकंदाला पाच वेळा दिले जातात. सलग ४० सेकंद दिलेल्या मालिकेने प्रतिसाद दबतो. तेच ६०० स्पंद मध्ये विराम घेत सुमारे १९० सेकंदांत दिले, तर तो वाढतो. एनएमडीए ग्राही (चेतापेशींवरील, शिकण्याच्या प्रक्रियेत महत्त्वाचा रासायनिक संदेश टिपणारा रेणू) रोखणाऱ्या औषधाने हे परिणाम नाहीसे होतात, त्यामुळे ते अनुबंधनांच्या (दोन चेतापेशींमधील जोडांच्या) बळातील बदलांशी जोडले जातात. मात्र संथ म्हणजे दमन आणि जलद म्हणजे उत्तेजन हा नियम पाठ्यपुस्तकांत दिसतो तितका पक्का नाही: तीच मालिका काहींत उलट परिणाम करते आणि एकाच व्यक्तीतही स्नायू आधी सैल होता की ताणलेला, यावर निष्पत्ती बदलते.

औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. वेटोळ्याचा प्रभाव दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे झपाट्याने ओसरतो. खोलवरच्या भागांवर होणारा परिणाम मुख्यतः बाह्यकाशी असलेल्या जोडण्यांतून पोहोचतो. आकडी येणे हा विरळा पण गंभीर धोका आहे, आणि डोक्यात लोहचुंबकीय धातू किंवा कर्णशंखातील रोपण असलेल्यांना हा उपचार दिला जात नाही.