उभ्या झाडाची उंची

झाड किती मोठं हे सिद्ध करायला एके काळी ते आडवं पाडलं जायचं. कॅलिफोर्नियातल्या कॅलाव्हेरासच्या रानात १८५२ साली एका शिकाऱ्याला अजस्र सिकोया वृक्ष दिसला आणि पुढच्याच वर्षी तो पाडला गेला. एवढ्या जाड बुंध्यापुढे करवत चालेना, म्हणून लांब गिरमिटांनी भोकं पाडत माणसं तीन आठवडे खपली. उरलेल्या बुडख्यावर पुढे नाच रंगले. १८५४ मध्ये त्याच रानातल्या दुसऱ्या झाडाची साल उभ्या उभ्या सोलून न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये प्रदर्शनात मांडली. झाड वाळून मेलं. हे वाचताना आजही पोटात तुटतं.

पाडून किंवा पडल्यावर मोजलेले आकडेही पक्के नसत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात १८७२ साली एका पडलेल्या निलगिरीची लांबी सुमारे १३३ मीटर नोंदवली गेली. पुन्हा टेप लावायला ते झाड आता नाही, त्यामुळे हा आकडा मला तरी नोंद म्हणूनच ठेवावासा वाटतो, विक्रम म्हणून नाही.

अमेरिकेत १९४० पासून सर्वांत मोठ्या झाडांची नोंदवही सुरू झाली. इंचांतला घेर, फुटांतली उंची आणि फुटांतल्या पर्णविस्ताराचा चौथा हिस्सा यांची बेरीज म्हणजे झाडाचे गुण. घेर सोपा: छातीच्या उंचीवर बुंध्याला टेप गुंडाळायची. घोळ व्हायचा तो उंचीत. जुन्या पद्धतीत झाडापासून अंतर मोजून शेंड्याचा कोन घेत आणि शेंडा बुंध्याच्या बरोबर वर आहे असं गृहीत धरत. पण जुनं झाड क्वचितच इतकं सरळ असतं. समजा, आपण बुंध्यापासून ३० मीटरवर उभे आहोत आणि शेंडा म्हणून दिसणारी फांदी ५ मीटर आपल्याकडे झुकलेली आहे. ती डोळ्यांच्या पातळीपासून ३० मीटर वर असली, तर हिशेब ३६ मीटर सांगतो. हे ६ मीटर कुठेच नसतात!

लेझरने अंतर मोजणारी उपकरणं हाताशी आली तेव्हा हे सुटलं. डोळ्यापासून थेट त्या फांदीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि कोनाच्या साइनने गुणायचं. बुंधा कुठे आहे याने फरक पडत नाही. अमेरिकेत रॉबर्ट लेव्हरेट आणि १९९६ साली स्थापन झालेल्या ईस्टर्न नेटिव्ह ट्री सोसायटीने ही पद्धत चिकाटीने रुजवली.

तरी शेवटचा शब्द टेपचाच. २००६ च्या ऑगस्टमध्ये ख्रिस ॲटकिन्स आणि मायकल टेलर यांना कॅलिफोर्नियातल्या रेडवुड नॅशनल पार्कमध्ये ‘हायपेरियन’ हे जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड सापडलं. मग वनस्पतीशास्त्रज्ञ स्टीफन सिलेट दोरावरून शेंड्यापर्यंत चढले आणि वरून जमिनीपर्यंत टेप सोडली: ११५.५५ मीटर. मलेशियातल्या साबामध्ये विमानातल्या लेझरने आधी हेरलेलं ‘मेनारा’ हे झाडही २०१९ मध्ये असंच चढून मोजलं, १००.८ मीटर.

हायपेरियनची जागा शोधकांनी मुद्दाम गुप्त ठेवली होती, तरी ती फुटली. तिथे पायवाट नाही. लोक झाडी तुडवत पोचू लागले. २०२२ मध्ये तो भाग बंद झाला. आत शिरल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोवर माती इतकी दबली होती की बुंध्यालगत नेचेही उगवेनासे झाले होते.