देवनागरीत न मावणारा पाव

देवनागरीत जगातला कुठलाही उच्चार लिहिता येतो, असा फॉरवर्ड दर चार-सहा महिन्यांनी आमच्या घरच्या ग्रुपवर येतोच. मी हल्ली वाद घालत नाही. पेरूतल्या कुस्कोकडच्या क्वेचुआ भाषेतला 'पाव' लिहून दाखवा, एवढंच म्हणतो.

त्या भाषेत 'तान्ता' म्हणजे जमाव, 'थान्ता' म्हणजे जुनं, विटकं. इथवर आपलं ठीक चालतं. अडतात ती पेरूतल्याच स्पॅनिश बोलणाऱ्या घरातली मुलं, कारण स्पॅनिशमध्ये 'थ'सारखा महाप्राण नाही. पण पावाचा शब्दही असाच, फक्त त्यातला पहिला त तिसराच आहे आणि तिथे आपणही अडतो.

करून बघा. श्वास रोखा, म्हणजे ओझं उचलताना मिटते तशी स्वरतंतूंमधली फट मिटेल. जीभ 'त'च्या जागी टेकवा. वर जीभ, खाली स्वरयंत्र, मध्ये कोंडलेली हवा. आता आवंढा गिळताना कंठमणी वर सरकतो तसं स्वरयंत्र वर उचला. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या रेटल्यावर जे होतं तेच इथे होतं: जागा आकसते, दाब वाढतो. जीभ सोडली की 'टक्' असा आवाज फुटतो. फुप्फुसातली हवा यात वापरलीच जात नाही. ओठांसमोर कागदाची पट्टी धरली, तर 'थ'ला ती फडफडते. या त-ला आवाज खणखणीत, पण पट्टी तितकी हलत नाही.

मुलांना हे कधी ऐकवावं? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी घरातली ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतले त-ट ओळखतात, कॅनडातल्या एका आदिवासी भाषेतले असे दोन 'टक्' वाले उच्चारही वेगळे ओळखतात. वर्षाची होईतो हे बरंचसं जातं. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३च्या प्रयोगात समोर बसून चिनी बोलणाऱ्या माणसाकडून बाळं शिकली, तेच पडद्यावर पाहून शिकली नाहीत. तेव्हा तान्ह्यांसाठीच्या भाषा-अ‍ॅपवर पैसे घालवू नका. जिभेला वेखंड लावण्याचं तर नावच नको.

स्पॅनिशचं त्या मानाने सोपं. 'पेरो' म्हणजे 'परंतु', आणि तोच र जीभ थरथरवून म्हटला की कुत्रा. हा थरथरता र स्पॅनिश मुलांनाही बऱ्याच उशिरा जमतो, घाई करू नये.

उलटी अडचण क्वेचुआ पोरांची. त्यांच्या भाषेत स्वर तीनच: इ, अ, उ. मात्र पडजिभेजवळून निघणाऱ्या क-च्या शेजारी इ-चा ए आणि उ-चा ओ ऐकू येतो. आपणही 'जग' एकसारखंच लिहितो आणि ज दोन तऱ्हांनी म्हणतो, पण आपल्याकडे त्याने विश्व की जगणं हा अर्थ बदलतो; त्यांच्याकडे इ-ए किंवा उ-ओ बदलून अर्थ बदलत नाही. म्हणून स्पॅनिश 'मेसा' (टेबल) आणि 'मिसा' (चर्चमधली प्रार्थना) यांत ही मुलं गोंधळतात आणि शाळेत हसं होतं. त्यांचा कान बिघडलेला नसतो, तो घरच्या भाषेला लागलेला असतो. क्वेचुआ कशी लिहायची यावरूनही भांडण आहेच. पेरूने १९७५मध्ये पाच स्वरांची वर्णमाला मान्य केली, १९८५मध्ये तीनवर आणली. कुस्कोची भाषा-अकादमी पाचांवरच अडून बसली. त्यामुळे शाळेच्या पुस्तकात डोंगर 'उर्कु' असतो, आणि दुसऱ्या कुठल्या छापील कागदावर तोच 'ओर्को'.