करप्याच्या बुरशीची मालवाहतूक

भाताच्या पानावर दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असा ठिपका दिसला, की शेतकरी करपा ओळखतो. मात्र ठिपका दिसण्याच्या काही दिवस आधीच ‘मॅग्नापोर्थे ओरायझी’ या बुरशीने आत बस्तान बसवलेले असते, आणि ते बसते मुख्यतः तिच्या पेशींमधल्या मालवाहतुकीच्या जोरावर.

दवाने ओल्या पानावर पडलेला तीन पेशींचा बीजाणू टोकाकडून डिंकासारखा पदार्थ सोडून चिकटतो, त्याला कोंब फुटतो आणि कोंबाच्या टोकाशी घुमटाच्या आकाराची एक पेशी तयार होते. बीजाणूतली चरबी आणि ग्लायकोजेन या घुमटात वाहून नेले जातात; तिथे ग्लिसरॉल साठते, ते पाणी ओढून घेते आणि दाब वातावरणाच्या ऐंशीपटीपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमध्ये तो जेमतेम दोन-अडीच पट असतो! तिकडे बीजाणू स्वतःचेच घटक पचवून मरून जातो. हे स्वभक्षण रोखले, तर घुमट तयार होऊनही पानात शिरू शकत नाही. घुमटाच्या भित्तिकेतला मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचा थर ग्लिसरॉल बाहेर झिरपू देत नाही. ट्रायसायक्लाझोल हे औषध नेमका हा थर बनू देत नाही, म्हणूनच ते बुरशी आत शिरण्यापूर्वी फवारलेले बरे.

खरी करामत आत शिरल्यावर दिसते. भाताची पेशी तेव्हा जिवंतच असते आणि तिचे पटल बुरशीच्या तंतूला सगळीकडून वेढून असते. तिचा प्रतिकार बोथट करणारी प्रथिने बुरशी दोन वेगळ्या वाटांनी पाठवते, असे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. तंतू आणि पटल यांमधल्या फटीत राहणारी प्रथिने गॉल्जी पिंडातून, म्हणजे प्रथिने बांधून रवाना करणाऱ्या पेशीतल्या केंद्रातून, नेहमीच्या मार्गाने जातात. त्यांपैकी एक प्रथिन बुरशीच्या भित्तिकेतून सुटलेले कायटिनचे तुकडे धरून ठेवते, त्यामुळे शत्रू आल्याची वर्दी भाताला मिळत नाही. थेट भाताच्या पेशीत उतरणारी प्रथिने मात्र तंतूजवळच्या एका ठरावीक ठिकाणी जमतात. गॉल्जीची वाट अडवणारे ब्रेफेल्डिन-ए हे रसायन दिले, की पहिली वाहतूक थांबते आणि दुसरी चालूच राहते.

पुढच्या पेशीत जाताना तंतू आक्रसून बारीक होतो आणि पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून पलीकडे सरकतो. बुरशीतले ‘पीएमके-1’ हे विकर 2018 सालच्या एका प्रयोगात रसायनाने बंद पाडले गेले, तेव्हा ती पहिल्याच पेशीत अडकून पडली.