चौथे क्रेडिट: ऑनलाइन फिजिकल जिऑलॉजीची पार्श्वभूमी

अमेरिकेत टेक्सासमधल्या कम्युनिटी कॉलेजांच्या, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांच्या, माहितीपुस्तकात ‘जीईओएल १४०३’ असा एक क्रमांक असतो. त्यातला पहिला आकडा वर्षाचा, दुसरा क्रेडिटचा, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या श्रेयांकांचा. म्हणजे फिजिकल जिऑलॉजी (खडक, खनिजे, भूकंप, भूरूपे यांची तोंडओळख), पहिले वर्ष, चार क्रेडिट. हाच विषय १३०३ या क्रमांकाखाली घेतला तर तीनच क्रेडिट पदरात पडतात आणि चौथ्यासाठी ११०३, म्हणजे लॅब, वेगळी घ्यावी लागते. फ्लोरिडात हा फरक क्रमांकामागे ‘सी’ किंवा ‘एल’ अक्षर जोडून दाखवतात. कॅलिफोर्नियात सामायिक क्रमांक तीन आहेत: १०० नुसत्या व्याख्यानांचा, १००-एल नुसत्या लॅबचा आणि १०१ दोन्हींचा मिळून. हा अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो का, या वादाचे मूळ त्या चौथ्या क्रेडिटात आहे. उरलेल्या तिनांवरून फारसे कोणी भांडत नाही.

हा विषय घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना भूवैज्ञानिक व्हायचे नसते. कला, वाणिज्य, शिक्षणशास्त्र अशा कुठल्याही शाखेच्या पदवीसाठी तिथे ‘लॅबसह एक विज्ञान विषय’ लागतो, आणि गणित कमी म्हणून अनेक जण खडकांकडे वळतात. खेळाडूंनी पास होण्यासाठी घ्यायचा विषय अशी त्याची जुनी थट्टाही आहे. दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढून पुढे विद्यापीठात जाणाऱ्यासाठी मात्र हे चौथे क्रेडिट थट्टेचे नसते. विद्यापीठाने ते नाकारले, तर एक विज्ञान विषय पुन्हा, पुन्हा पैसे भरून करावा लागतो.

टपालाने विज्ञान शिकवणे जुने आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावात कोळसाखाणींसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकाने १८९१ मध्ये खाणकामगारांसाठी पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. खाणीत मुकादम किंवा निरीक्षक व्हायचे तर सरकारी परीक्षा असे. तिची तयारी हा त्याचा उद्देश. पुढच्याच वर्षी शिकागोत उघडलेल्या एका नव्या विद्यापीठाने पहिल्या दिवसापासून पत्रद्वारा विभाग ठेवला. लॅबची अट वेगळ्या वाटेने आली. मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या विद्यापीठाने १८८० च्या दशकात प्रवेशासाठी भौतिकशास्त्राच्या ४० प्रयोगांची यादी काढली आणि प्रयोगवहीला मान आला. १९०६ पासून शाळांमध्ये अभ्यास तासांत मोजायची पद्धत पडली, ती महाविद्यालयांपर्यंत झिरपली. लॅबचे दोन-तीन तास म्हणजे एक क्रेडिट हा हिशेब त्याच वळणाचा. त्या तासांत विद्यार्थी नेमके काय करतो, हे मोजण्याची तशी सोय कधीच झाली नाही. पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच निघाला आहे.

या गोंधळातून सर्वांत नीट वाट काढली ती ब्रिटनने. १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेणाऱ्या तिथल्या मुक्त विद्यापीठाने विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचे साहित्य खोक्यात भरून घरी पाठवले. त्यात प्लॅस्टिकचा, हातात मावणारा सूक्ष्मदर्शकही होता. जोडीला दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम आणि उन्हाळ्यातले निवासी वर्ग. लॅब म्हणजे इमारत नव्हे, साहित्य, हे त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच ठरवून टाकले होते. अमेरिकेने खोके उचलले नाही, दूरचित्रवाणी उचलली. १९९२ मध्ये तिथे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या २६ भागांची भूविज्ञानाची मालिका तयार झाली आणि ती टेलिकोर्स म्हणून कम्युनिटी कॉलेजांत चालू लागली. ज्वालामुखी, हिमनद्या, भूजल सगळे पडद्यावर, परीक्षा कॉलेजात. लॅब अर्थातच टीव्हीवर मावली नाही. ती एक तर वेगळी घ्यायची किंवा सोडून द्यायची. व्याख्यान आणि लॅब यांना वेगळे क्रमांक असण्याची सोय अशा वेळी फारच कामाला येते.

योगायोग असा की त्याच १९९२ साली अमेरिकी संसदेने दूरस्थ शिक्षणाचे पाय बांधले. पत्रद्वारा शिक्षणाच्या नावाखाली चाललेल्या फसवणुकीला वैतागून नियम झाला: ज्या संस्थेचे निम्म्याहून जास्त अभ्यासक्रम किंवा निम्मे विद्यार्थी पत्रद्वारा असतील, तिच्या विद्यार्थ्यांना केंद्रीय आर्थिक मदत नाही. दूरसंचारावरचे अभ्यासक्रमही बऱ्याच प्रमाणात या मोजणीत आले. फेब्रुवारी २००६ मध्ये ऑनलाइन शिक्षण त्यातून बाहेर काढले गेले, पत्रद्वारा शिक्षण आतच राहिले. साधनेही तोवर जमू लागली होती. १९९० च्या दशकाच्या मध्यात लॉस एंजेलिसमधल्या एका सरकारी विद्यापीठाने भूकंपाचा केंद्रबिंदू शोधायचा प्रयोग वेबवर टाकला. तीन केंद्रांवरचे भूकंपालेख घ्यायचे, पी आणि एस या दोन भूकंपलहरींच्या आगमनातले वेळेचे अंतर मोजायचे, तीन वर्तुळे काढायची; जमले तर आपल्या नावाचे प्रमाणपत्र छापून घ्यायचे. २००५ मध्ये गूगल अर्थ आले आणि नकाशावाचनाचा मोठा भाग घरच्या संगणकावर आला. २००९ पासून सरकारी स्थलदर्शक नकाशे नव्या रूपात फुकट उतरवून घेता येऊ लागले.

लॅबचे आठवडे मोजले तर एक गोष्ट लक्षात येते. पंधरा आठवड्यांच्या सत्रात खनिजे आणि खडक बहुतेक ठिकाणी पाच-सहा आठवड्यांत आटोपतात. बाकीचे आठवडे समोच्चरेषा, भूवैज्ञानिक नकाशे, खडकांच्या थरांना पडलेल्या घड्या आणि विभंग (भेगा), नद्यांची वळणे, भूकंप यांचे. हे काम वर्गातही कागद-पेन्सिलीनेच होते. ते पडद्यावर गेल्याने काही बिघडले असे कोणी गंभीरपणे म्हणत नाही. वाद उरतो तो त्या पाच-सहा आठवड्यांचा.

आणि तो खरा आहे. क्वार्ट्झ आणि कॅल्साइट फोटोत जुळी भावंडे वाटतात. हातात घेऊन प्रकाशात फिरवले की कॅल्साइटची पाटनपृष्ठे (फुटताना पडणारी सपाट पृष्ठे) एकामागून एक चमकतात आणि क्वार्ट्झचे भंजन शिंपल्यासारखे वक्र दिसते. संगजिऱ्याचा बुळबुळीत स्पर्श, गॅलेनाचे न शोभणारे वजन, ओल्या केओलिनचा मातकट वास, मॅग्नेटाइटला चिकटणारे चुंबक, यातले काहीच पडद्यातून येत नाही. हेमॅटाइट वरून काळे असो वा चांदीसारखे, चकाकी नसलेल्या फरशीवर घासले की कस, म्हणजे उमटलेल्या रेघेचा रंग, तांबडाच येतो. ही एक रेघ ओढल्याशिवाय कस म्हणजे काय ते समजत नाही, असे जुने शिक्षक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.

पण ‘ऑनलाइन लॅब’ या एका नावाखाली किमान चार वेगवेगळ्या गोष्टी चालतात, आणि विरोध करणारे चौघींना एकाच काठीने झोडतात. पहिली, नुसती चित्रे आणि बहुपर्यायी प्रश्न. तिला लॅब म्हणणे धाडसाचेच आहे. दुसरी, फिरवता येणारी त्रिमितीय प्रतिरूपे आणि खडकाच्या पातळ छेदांचा संगणकावरचा सूक्ष्मदर्शक; आकार आणि पोत शिकवायला उत्तम, वजन आणि काठिण्याला निरुपयोगी. तिसरी, बाहेर जाऊन दगड गोळा करा. ऐकायला छान, पण फ्लोरिडातल्या मुलाच्या अंगणात चुनखडी आणि वाळू, हवाईतल्या मुलीच्या अंगणात बेसाल्ट. तिन्ही प्रकारचे खडक आणा म्हटले तर आणणार कुठून?

चौथी म्हणजे घरी येणारे खोके: क्रमांक चिकटवलेली खनिजे आणि खडक, भिंग, काचेचा तुकडा, कसाची फरशी, खिळा, चुंबक. हिच्यावर टीका सर्वांत कमी व्हायला हवी होती, आणि नेमकी हिच्यावरच सर्वांत जास्त बारकाईने झाली. त्यातले काही मुद्दे रास्त आहेत. वर्गात कॅल्साइटवर टाकायला १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते घरोघरी पाठवणे कटकटीचे, म्हणून कित्येक ठिकाणी स्वयंपाकघरातले व्हिनेगर वापरायला सांगतात. व्हिनेगरने कॅल्साइट फसफसते, पण मंद, आणि नीट दिसायला ते खरवडून भुकटी करावी लागते. काठिण्य तपासायला तांब्याचे नाणे वापरा असे जुनी लॅबपुस्तके सांगत आली, पण १९८२ पासून अमेरिकी सेंट आतून जस्ताचा आणि वरून नुसता तांब्याचा मुलामा दिलेला आहे. मुलामा खरवडला गेला की तपासणी चुकते. ही अडचण वर्गातही तितकीच आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

खोक्याच्या बाजूने एकच मुद्दा पुरेसा आहे. वर्गातल्या लॅबमध्ये एका ट्रेभोवती चार-पाच जण बसतात, एक जण खरवडतो आणि बाकीचे उत्तर उतरवून घेतात. खोके ज्याच्या घरी आले, त्याला प्रत्येक नमुना स्वतःच खरवडावा लागतो. खर्च मात्र विद्यार्थ्याच्या खिशातून जातो आणि ही खरी अन्यायाची बाजू आहे. पाठ्यपुस्तकाचा भार २०१५ नंतर हलका झाला, कारण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या खुल्या पाठ्यपुस्तक योजनेतून फिजिकल जिऑलॉजीचे संपूर्ण पुस्तक फुकट उपलब्ध झाले. दगडांची फुकट प्रत निघत नाही.

विद्यापीठांनी यावर काय ठरवले? काहींनी ऑनलाइन लॅब सरसकट नाकारली, काहींनी खोके असेल तर चालेल म्हटले, काहींनी निर्णय एकेका विभागावर सोडला. गंमत म्हणजे अभ्यासक्रम वर्गात झाला की घरी, हे बहुतेक कॉलेजे गुणपत्रिकेवर छापतच नाहीत. १४०३ तो १४०३. त्यामुळे नकाराचा नियम प्रत्यक्षात प्रामाणिकपणे विचारणाऱ्या विद्यार्थ्यालाच जास्त लागू पडायचा.

मार्च २०२० मध्ये हा सगळा प्रश्न एका आठवड्यात निकालात निघाला, निदान काही काळापुरता. वसंत सत्राच्या मध्यावर सगळ्यांच्याच लॅब बंद पडल्या. ट्रे कपाटात राहिले, आणि कालपर्यंत ऑनलाइन लॅब नाकारणाऱ्या विद्यापीठांना स्वतःचीच लॅब ऑनलाइन न्यावी लागली. खोकी पाठवायलाही सवड नव्हती, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला वरच्या यादीतला पहिला, सर्वांत दुबळा प्रकार आला. त्या सत्राची क्रेडिट जवळजवळ सर्वांनी मानली. उन्हाळ्यातली क्षेत्रशिबिरे रद्द झाली, तेव्हा शिक्षकांनी एकत्र येऊन क्षेत्रकामातून विद्यार्थ्याला नेमके काय यायला हवे याची यादी लिहून काढली. तास मोजण्याऐवजी कौशल्ये लिहायला महामारी यावी लागली. चाकाच्या खुर्चीतल्या विद्यार्थ्यांनी हा मुद्दा आधीच मांडला होता. २०१४ मध्ये व्हँकूव्हरच्या भूवैज्ञानिक परिषदेत सर्वांना सहभागी होता येईल अशी खास क्षेत्रसहल काढली गेली होती. तेव्हा त्याकडे अपवाद म्हणून पाहिले गेले.

पत्रद्वारा आणि ऑनलाइन यांतली २००६ ची सीमारेषाही मिटली नाही. शिक्षकाने आपणहून ‘नियमित आणि अर्थपूर्ण’ संवाद साधला तर ऑनलाइन, नाही तर पत्रद्वारा, अशी ती आहे. २०१७ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी याच कारणावरून एका मोठ्या ऑनलाइन विद्यापीठाकडून ७१.३ कोटी डॉलर परत मागावेत अशी शिफारस केली. जानेवारी २०१९ मध्ये शिक्षण खात्याने ती मागणी सोडून दिली. जुलै २०२१ पासून संवादाची व्याख्या नियमात जास्त स्पष्ट झाली. आपल्या वेगाने खोके उघडून जिऑलॉजी करणाऱ्याचा अभ्यासक्रम सीमेच्या कोणत्या बाजूला पडतो, हे त्याचे शिक्षक किती वेळा लिहितात यावर ठरते.

भारतात गाडी दुसऱ्या टोकाकडून आली. २००३ मध्ये आयआयटींची व्याख्याने ऑनलाइन देण्याचा प्रकल्प सुरू झाला, जुलै २०१७ मध्ये राष्ट्रीय ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले, आणि त्यावरची क्रेडिट पदवीत धरण्याची मर्यादा २०१६ च्या नियमांतल्या २० टक्क्यांवरून २०२१ मध्ये ४० टक्क्यांवर गेली. चित्रफिती, वाचन, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन असे चार भाग ठरले. त्यात खडक कुठेच नाही. महाराष्ट्रात याचा एक स्थानिक पेच आहे: राज्याचा सुमारे ८० टक्के भाग दख्खनच्या बेसाल्टखाली असल्यामुळे पुण्याच्या किंवा नाशिकच्या मुलाला ‘आसपासचे दगड आणा’ म्हणून भागत नाही. ग्रॅनाइट, शिस्ट, वालुकाश्म यांच्यासाठी सिंधुदुर्ग नाही तर पूर्व विदर्भ गाठावा लागतो.

प्रात्यक्षिकाची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी विद्यार्थ्याच्या मूळ कॉलेजावर टाकली होती. त्याच नियमांत असे अभ्यासक्रम कधी घ्यावेत याची जी कारणे दिली होती, त्यांत शिक्षक उपलब्ध नसणे हे एक होते. म्हणजे ज्या कॉलेजात भूविज्ञान शिकवायला कोणी नाही म्हणून विद्यार्थी ऑनलाइन गेला, प्रात्यक्षिक घ्यायचे ते त्याच कॉलेजाने.