पहाटे चालायला निघताना

दिवाळी झाली की दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात रोज एक तरी गिऱ्हाईक येतं : "सकाळचं फिरणं सुरू करतोय, चांगला बूट दाखवा." बूट दाखवूच, धंदाच आहे तो. पण आधी विचारतो, घरातून किती वाजता निघता? बहुतेकांचं उत्तर पाच, साडेपाच.

बडोद्यात जानेवारीत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमाराला. घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाचं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून इथे उजाडायला अर्ध्या तासाहून जास्त उशीर. म्हणजे तुमचं सगळं फिरणं काळोखातच होतं. तेव्हा बुटापेक्षा महत्त्वाचं हे, की गाडीवाल्याला तुम्ही दिसता का?

ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. तुम्ही दिसलात, पाय ब्रेकवर गेला, गाडी थांबली, एवढ्यात तीसेक मीटर संपले. गडद ट्रॅकसूट किंवा काळी शाल डिपर लाइटमध्ये फार उशिरा नजरेस पडते. पांढरा सदरा थोडा बरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

उपाय स्वस्त आहे : चमकणारी पट्टी. तिच्यातले काचेचे बारीक मणी हेडलाइटचा उजेड आला तिकडेच परत पाठवतात. ती छातीवर लावली तर लांबून खांब वाटू शकतो. घोट्यावर आणि मनगटावर लावा; वरखाली हलणारा उजेड दिसला की माणूस चाललाय हे चालवणाऱ्याला चटकन कळतं. पट्टीवर इस्त्री फिरवू नका.

फूटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे येणारी गाडी समोर दिसते. हे सांगितलं की लोक हसतात, कारण स्कूटर डावीकडून चालवायची सवय पायांनाही लागलेली असते. चौघी मैत्रिणी असाल तर रस्ताभर आडव्या पसरू नका, एकामागून एक चाला. गप्पा बाकावर बसून मारा! इअरफोन लावायचाच तर एका कानात.

जमत असेल तर आधी उजाडेपर्यंत थांबा आणि कमाटीबागेतच फिरा. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली उभारलेली ही बाग असताना भर रस्त्यावर धावायची हौस आम्हाला कळत नाही. फक्त पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठापासून लांब राहा. तिच्यात मगरी आहेत हे बडोदेकराला सांगायला नको, पण २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या, हे विसरायलाही नको. मगर दिसली तर व्हिडिओ काढत उभं न राहता मागे फिरा आणि वनखात्याला कळवा.

कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभावच. जागीच थांबा, डोळ्याला डोळा भिडवू नका, मग सावकाश मागे सरका. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. हळद, तिखट, तेल काही लावू नका. आजीबाईंनी सांगितलं तरी.

आता बुटाचं. रोज पाच किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस चाललात, तर पाच महिन्यांत साधारण ६०० किलोमीटर होतात. तेवढ्यात आतला फोम दबतो, वरून बूट नवाच दिसत असला तरी. तळव्याची नक्षी झिजली असेल तर शेवाळ धरलेल्या फरशीवर पाय घसरतो. नवा जोड संध्याकाळी घ्यायला या. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर मिळतं.

फोनच्या लॉक स्क्रीनवर घरच्या एकाचा नंबर दिसेल असा ठेवा. अपघात झालाच, तर ११२ किंवा १०८.

टाचेवरची पट्टी आम्ही फुकट लावून देतो, बूट कुठूनही घेतलेला असो. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त बूट धुऊन, नीट वाळवून आणा. ओल्यावर पट्टी धरत नाही.